तीनदा उठलेला एली: कॅम्पला काउन्सेलर म्हणून जाणाऱ्यांसाठी

आजचे वाचन: 1 शमुवेल 3:1-18
सोबत वाचा: 1 शमुवेल 2:22-25, उत्पत्ति 33:12-14



एप्रिल आला की मंडळीच्या ग्रुपवर समर कॅम्पचे फॉर्म फिरायला लागतात. मुंबई-पुण्याकडची मुलं मे महिन्यात पाचगणी, माथेरान, खंडाळा अशा डोंगरावरच्या ठिकाणी जातात. तुमच्यापैकी काही जण, जे काही वर्षांपूर्वी स्वतः कॅम्पर होते, ते यंदा काउन्सेलर म्हणून जाणार आहेत. म्हणजे दहा-बारा मुलांचे 'दादा' किंवा 'ताई' होणार आहेत. त्याआधी दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं.

ट्रेनिंगला जाताना आपल्या डोक्यात काय असतं? अॅक्शन साँग्ज, खेळ, बायबल स्टडी कशी घ्यायची, कॅम्पफायरला साक्ष कशी द्यायची. हे सगळं शिकवतातच. पण बराच वेळ दुसऱ्याच गोष्टींवर जातो. मुलांची मोजणी किती वेळा करायची, कोणाला कोणतं औषध चालू आहे, पाणी उकळलेलं आहे का, रात्री डॉर्ममध्ये कोण झोपणार, टॉयलेटला जाणाऱ्या मुलाबरोबर टॉर्च घेऊन कोण जाणार. मग एखादा हळूच म्हणतो, "आपण सेवेसाठी आलो होतो ना? हे काय चाललंय?"

आजचं वचन याच प्रश्नाला उत्तर देतं. शमुवेलाच्या पाचारणाची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलोय आणि प्रत्येक वेळी स्वतःला शमुवेलाच्या जागी ठेवलंय. आज एकदा एलीच्या जागी उभे राहून वाचू या. कारण कॅम्पमध्ये तुम्ही एली आहात.

1. आधी उठायचं

शिलो येथे परमेश्वराच्या मंदिरात रात्र झाली आहे. दीप अजून विझलेला नाही. एली म्हातारा झाला आहे, त्याची नजर मंद झाली आहे. शमुवेल धावत येतो आणि म्हणतो की तुम्ही मला हाक मारलीत. एलीने मारलेली नसते. तो मुलाला परत जाऊन झोपायला सांगतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

एका रात्रीत तीनदा झोपमोड! पण एली त्याच्यावर खेकसल्याचं शास्त्रात कुठेच नाही. दुसऱ्यांदा तर तो त्याला प्रेमाने मुलगा म्हणून संबोधतो. आणि शमुवेल तिसऱ्यांदा तितक्याच विश्वासाने येतो, ही गोष्ट एलीबद्दल खूप काही सांगून जाते. ज्या माणसाची भीती वाटते त्याला मूल तीनदा उठवत नाही.

कॅम्पच्या पहिल्या रात्री हेच होतं. दिवसा सगळ्यात जास्त दंगा करणारा मुलगा रात्री दोन वाजता तुमच्या गादीजवळ येऊन उभा राहतो. "दादा, पोटात दुखतंय." कधी खरंच पोट दुखत असतं. कधी आईची आठवण येत असते आणि ते बोलायची लाज वाटते, म्हणून पोट दुखतं. पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला ते कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. आधी उठायचं, जवळ बसवायचं, पाणी द्यायचं. खरंच दुखत असेल तर औषधांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना उठवायचं, आपल्या बॅगेतली गोळी द्यायची नाही.

हीच गोष्ट डोंगर चढताना. उत्पत्ति 33 मध्ये एसाव याकोबाला बरोबर चलण्याचा आग्रह करतो. याकोब नको म्हणतो. मुलं कोवळी आहेत, जनावरांबरोबर पिल्लं आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तरी सोसणार नाही, म्हणून मी त्यांच्या चालीने येतो, असं त्याचं म्हणणं. ट्रेकचा अख्खा नियम या दोन वचनांत आहे. एक काउन्सेलर सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे, आणि वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. निघताना मोजणी, थांबल्यावर मोजणी, पोहोचल्यावर मोजणी. पाचगणीच्या टेबललँडसारख्या उघड्या पठारावर असताना मे महिन्यातला वळीव गडगडू लागला, तर 'अजून पाच मिनिटं, ग्रुप फोटो' नाही. लगेच खाली उतरायचं आणि एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या.

2. तो आवाज आपला नाही

तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येतं की परमेश्वर मुलाला हाक मारत आहे. नवीन काउन्सेलरला याने धीर यायला हवा. इतकी वर्षं याजक असलेल्या माणसालाही समजायला तीन वेळा लागल्या.

पण समजल्यावर त्याने काय केलं, ते बघा. तो म्हणाला नाही की थांब, देवाला काय म्हणायचंय ते मी तुला सांगतो. तो स्वतः उठून मुलाच्या जागी जाऊन झोपला नाही. त्याने फक्त एवढंच शिकवलं की पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं, आणि त्याला त्याच्या जागी परत पाठवलं. पुढचं सगळं देव आणि तो मुलगा यांच्यात झालं. एली तिथे नव्हता.

काउन्सेलरसाठी हे सगळ्यात अवघड आहे. कॅम्पची शेवटची रात्र असते. शेकोटी, गिटार, थंड वारा, चार दिवसांचा थकवा. अशा वेळी मुलं सहज रडतात. थोडा जोर लावला तर दहापैकी दहा हात वर होतील. परतल्यावर सांगायला आकडाही छान मिळेल. पण त्यातले किती हात देवाच्या हाकेला वर झाले आणि किती आपल्या दादाला वाईट वाटू नये म्हणून?

तिसऱ्या अध्यायाचं सातवं वचन सांगतं की शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झाली नव्हती. तो राहायचा मंदिरातच! सेवाही करायचा. आपल्या मंडळीतली कितीतरी मुलं अशीच आहेत. प्रत्येक प्रश्नाला हात वर, सगळी वचनं पाठ, पण ओळख अजून व्हायची आहे. त्यांना अजून एक भाषण नको असतं. त्यांना एक शांत जागा हवी असते, आणि ऐकायचं कसं हे सांगणारं कोणीतरी.

म्हणून क्वाएट टाइमच्या वेळी मुलांच्या मध्ये मध्ये जाऊन समजावत बसू नका. वीस मिनिटं शांतता झेपते त्यांना. बायबल स्टडीत प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ द्या. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आणि एखादं मूल म्हणालं की "मला अजून काहीच वाटत नाही," तर घाबरू नका. त्याला म्हणा, "हरकत नाही. देवाला घाई नाही." देवाने शमुवेलाला चार वेळा हाक मारली.

3. एली जिथे चुकला

आता कठीण भाग. त्या रात्री देवाने शमुवेलाला दिलेला संदेश गोड नव्हता. तो एलीच्या घराविरुद्ध होता. एलीची मुलं, हफनी आणि फिनहास, अर्पणातलं मांस जबरदस्तीने घेत आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी दुराचार करीत. एलीला हे माहीत होतं. दुसऱ्या अध्यायात तो त्यांना बोलतोही. म्हणजे तो अगदी गप्प बसला नव्हता. पण त्याने त्यांना थांबवलं नाही. ते याजकच राहिले. लोक येत राहिले आणि त्यांच्या तावडीत सापडत राहिले. देवाने दोष लावला तो यासाठी: माहीत असूनही आवरलं नाही.

ट्रेनिंगमध्ये एक प्रसंग करून बघायला देतात. एक जण कॅम्पर होतो, एक काउन्सेलर. कॅम्पर म्हणते, "ताई, एक सांगायचंय. पण आधी प्रॉमिस कर, कुणाला सांगणार नाहीस." जवळजवळ सगळे पटकन "प्रॉमिस" म्हणून टाकतात. ट्रेनर तिथेच थांबवतात. कारण ते वचन आपल्याला पाळता येणार नाही आणि पाळूही नये. कदाचित मूल सांगेल की घरी, क्लासमध्ये, बिल्डिंगमध्ये किंवा चर्चमध्येच कोणीतरी आपल्याला नको तसं हात लावतं.

मग काय म्हणायचं? असं काहीतरी: "मी नीट ऐकते. पण तुला कोणी त्रास देत असेल तर ते मी एकटीकडे ठेवणार नाही. तुला सुरक्षित ठेवू शकतील अशाच माणसांना सांगेन." मूल सांगायला लागलं तर ऐका. खोदून खोदून विचारू नका, तपास आपलं काम नाही. "मला सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं नक्की म्हणा. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि त्याच दिवशी कॅम्पच्या प्रमुखांना सांगा. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला जाब विचारायला जाऊ नका.

आपल्या देशाचा कायदाही इथे स्पष्ट आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, त्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. प्रमुखांनी टाळाटाळ केली म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. मुलांसाठी 1098 ही मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर तुमच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.

अशा वेळी काही मोठी माणसं म्हणतील, "मंडळीची बदनामी होईल, आपण प्रार्थना करू या." प्रार्थना जरूर करा. पण एलीचं घर बोलण्यामुळे पडलं नाही, न थांबवल्यामुळे पडलं. आणि प्रार्थनेबद्दल अजून एक: मुलाने सांगितलेली गोष्ट ग्रुपवर 'प्रार्थना विषय' म्हणून टाकू नका, नाव न घालताही नाही. दहा मुलांच्या ग्रुपमध्ये कोण ते सगळ्यांना कळतं.

याच कारणासाठी ट्रेनिंगमध्ये नियम असतात. बंद दाराआड एका मुलासोबत एकट्याने बसायचं नाही. बोलायचं असेल तर व्हरांड्यात, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी. "माझ्यावर विश्वास नाही का?" असा राग मानू नका. नियम तुमच्यावर संशय घेण्यासाठी नाही. दाराशी आलेलं प्रत्येक लेकरू सुरक्षित राहावं म्हणून तो आहे. शिलोच्या दाराशी हेच नव्हतं.

4. सकाळी दार उघडताना

सकाळ होते. शमुवेल मंदिराची दारं उघडतो. रात्री ऐकलेलं सांगायला तो घाबरतो. साहजिक आहे, ज्याने वाढवलं त्याच्याच विरुद्धचा निरोप आहे. तेव्हा एली त्याला जवळ बोलावतो आणि सांगतो की काहीही लपवू नकोस. शमुवेल सगळं सांगतो. एली चिडत नाही, "तू अजून लहान आहेस" म्हणत नाही. परमेश्वराला बरं वाटेल ते तो करो, असं म्हणून तो ते स्वीकारतो.

एली मुलांना आवरण्यात हरला. पण त्या सकाळी त्याने एका मुलाला खरं बोलायला जागा दिली, आणि तेही स्वतःला दुखावणारं खरं. पुढे शमुवेल आयुष्यभर राजांसमोरही खरं बोलला. त्याची पहिली परीक्षा या म्हाताऱ्या माणसासमोर झाली होती.

मित्रांनो, तुमच्या ग्रुपमधलं एखादं मूल उद्या तुम्हालाच म्हणेल, "दादा, तुम्ही त्यालाच सारखं पुढे करता," किंवा "ताई, काल तू माझ्यावर हसलीस, मला आवडलं नाही." त्या वेळी तुमचा चेहरा कसा होतो, ते ते मूल बघत असतं. छोटी खरी गोष्ट तुम्ही ऐकून घेतलीत, तरच मोठी गोष्ट सांगायची त्याची हिंमत होईल.

विचार करा, लिहून काढा

- लहानपणी मी कोणाला रात्री तीनदा उठवू शकलो असतो? त्या माणसात काय होतं?
- देवाने बोलावं यासाठी मी जागा सोडतो, की ती जागा मीच भरून टाकतो?
- माझ्या आसपास असं काही आहे का, जे मला माहीत आहे, ज्यावर मी बोललोही आहे, पण थांबवलेलं नाही?

प्रार्थना

हे प्रभू येशू, लेकरांना तू जवळ घेतलंस, त्यांना अडवणाऱ्यांवर तू रागावलास. या उन्हाळ्यात जी मुलं आमच्या हाती सोपवली जातील, त्यांच्यासाठी रात्री उठायची आम्हाला ताकद दे. त्यांच्या चालीने चालायचा धीर दे. तू बोलत असताना आम्हाला गप्प बसायला शिकव, आणि जिथे गप्प बसणं पाप आहे तिथे आमचं तोंड उघड. तुझ्याच नावात मागतो. आमेन.

उद्याचे वाचन: 1 शमुवेल 3:19-4:11