ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. आमच्याकडे २०१९ची शेव्हरोले बोल्ट ही इलेक्ट्रिक गाडी आहे. मुलाला घेऊन मॉन्टेरेच्या किनाऱ्यावरच्या सायकलमार्गावर जायचं आहे. मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांधा, बसवून त्यावर सायकलींचा रॅक लावा, असं मित्र सांगतात. पण गाडीच्या पुस्तिकेत ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. मग हिच बसवणं धोक्याचं नाही का? बॅटरीला किंवा वॉरंटीला काही होईल का?

उत्तर : पुस्तिकेतलं वाक्य पाळायलाच हवं, पण ते ओढण्याबद्दल आहे. ट्रेलर नुसता ओढायचा नसतो, उतारावर थोपवायचाही असतो. ब्रेक, टायर, मोटर, सगळ्यांवर तो भार येतो, आणि ते काम कंपनीने बोल्टवर सोपवलेलं नाही. दोन साध्या सायकली आणि रॅक मिळून पन्नास किलोच्या आसपास भरतात. त्या ओढाव्या लागत नाहीत, पेलाव्या लागतात. म्हणूनच बोल्टसाठी बाहेरच्या कंपन्यांचे हिच अमेरिकेत सर्रास मिळतात. ते फक्त रॅकसाठी वापरायचे. एकदा हिच बसला की त्याला बॉल लावून छोटासा ट्रेलर जोडून बघू, असा मोह होतो, तो टाळा.

पेलण्याचं गणित मात्र बारकाईने बघायला हवं, कारण चूक होते ती तिथेच. हिचवर दोन आकडे छापलेले असतात. पहिल्या वर्गाच्या हिचवर साधारणपणे २,००० पौंड ओढण्याचा आणि २०० पौंड, म्हणजे ९१ किलो, खाली दाबणाऱ्या वजनाचा. तुमच्या कामाचा दुसरा. पण तोही ट्रेलर गृहीत धरून काढलेला असतो. ट्रेलरचं वजन ज्या बॉलवर टेकतं तो हिचच्या पिनपासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर असतो. सायकली त्याहून बऱ्याच मागे उभ्या राहतात. दोन सायकली आणि रॅक यांचा मिळून भारमध्य अर्ध्या मीटरच्या पलीकडे सहज जातो. वाकवणारा जोर म्हणजे वजन गुणिले अंतर. ९१ किलो २५ सेंटिमीटरवर धरले तर हा जोर सुमारे २३ किलो-मीटर होतो. पन्नास किलो ५५ सेंटिमीटरवर धरले तर साडेसत्तावीस. वजन जवळजवळ निम्मं, तरी हिचला वाकवणारा जोर जास्त! त्यात खड्ड्यांतले हिसके वेगळेच.

म्हणून हिच मोडून पडेल असं नाही, त्यात राखीव ताकद असते. पण ९१ किलोचा आकडा काठोकाठ वापरायचा नाही, एवढं यावरून ठरतं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या हिचवर ट्रेलरऐवजी रॅक टांगायचा असेल तर आधाराचा पट्टाही बांधावा, असं सांगितलं जातं. तो बांधाच. इलेक्ट्रिक सायकली असतील तर आणखी सावध राहा. अशी एकेक सायकल पंचवीस किलोची असू शकते. तिची बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवली की तीन-चार किलो कमी होतात.

रिसीव्हर, म्हणजे रॅक ज्यात सरकवतात ती चौकोनी नळी, अशा गाड्यांसाठी सव्वा इंची आणि दोन इंची अशा दोन मापांत येते. मी दोन इंची घेईन. तिच्यासाठी रॅकची निवड जास्त असते आणि जड सायकलींचे मजबूत रॅक बहुधा त्याच मापाचे असतात. नळी मोठी म्हणून हिच आपोआप भक्कम होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. भरवसा छापील आकड्यावरच ठेवायचा.

बॅटरीची काळजी रास्त आहे. ती प्रवाशांच्या पायांखाली, जमिनीच्या पत्र्यालगत असते. हिच बसतो तो तिच्या बराच मागे, बंपरच्या आतल्या लोखंडी सांगाड्याला. सायलेन्सर नसल्याने तिथे हात घालायला जागाही बरी मिळते. बहुतेक हिचसाठी बंपरचं प्लॅस्टिक कवच उतरवावं लागतं. काही हिच त्यामागचा धक्का झेलणारा आडवा दांडा काढून त्याच्या जागी बसतात. मी तो दांडा जागेवर ठेवणारा हिच निवडेन. खरा धोका गाडी उचलताना असतो. जॅक कंपनीने दाखवलेल्या जागांवरच लावायचा, नाहीतर बॅटरीच्या पेटीवरच दाब येतो. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. नट-बोल्ट अंदाजाने नव्हे तर टॉर्क रेंचने, सूचनापत्रातल्या आकड्याइतके आवळायचे आणि काही प्रवासांनंतर पुन्हा तपासायचे. इलेक्ट्रिक गाड्यांवर काम केलेला मेकॅनिक मिळत असेल तर त्याच्याकडेच द्या.

वॉरंटीबाबत अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा तुमच्या बाजूने आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे दाखवावं लागतं. पावत्या आणि सूचनापत्र जपून ठेवा.

टपावर रॅक का नको, असं कुणी विचारेल. तुमच्या गाडीची बॅटरी ६० किलोवॅट-तासांची. अमेरिकी सरकारी मोजमापात एक गॅलन पेट्रोल म्हणजे ३३.७ किलोवॅट-तास, त्यामुळे पूर्ण चार्ज झालेल्या बोल्टमध्ये जेमतेम पावणेदोन गॅलन पेट्रोलाएवढी ऊर्जा असते. तेवढ्यावर ती २३८ मैल जाते, कारण वाया फार कमी घालवते. अशा गाडीच्या टपावर सायकली उभ्या करून हवा अडवली की हायवेवर पल्ला डोळ्यांदेखत घटतो. मागच्या सायकली बऱ्याचशा गाडीच्या आडोशाला राहतात. मॉन्टेरेला जाऊन-येऊन दीडशे मैलांच्या आसपास होतात, तेव्हा तुम्हाला अडचण येऊ नये. तुमची आणखी एक सोय म्हणजे बोल्टचं चार्जिंगचं तोंड पुढच्या डाव्या बाजूला आहे. टेस्लाचं ते मागे असतं, त्यामुळे आखूड केबलच्या चार्जरवर रॅक लावलेली टेस्ला उलटी लावताना पंचाईत होऊ शकते.

कॅलिफोर्नियात नंबरप्लेट स्पष्ट दिसलीच पाहिजे, मागचे दिवेही झाकले जाता कामा नयेत. रिकामा रॅक दुमडून उभा केला तरी तो प्लेटच्या आड येऊ शकतो. सायकली न्यायच्या नसतील त्या दिवसांत तो काढून गॅरेजमध्येच ठेवा.