पाण्यातून आलेला धूर

रमजानमध्ये तरावीहनंतर मशिदीच्या पायरीवर एका तरुणाने मला अडविले. "मौलाना, मी सिगारेटला हात लावत नाही. कधीमधी हुक्का ओढतो. त्याचा धूर पाण्यातून गाळून येतो, मग हरकत काय?" प्रश्न प्रामाणिक होता.

पाण्याने धूर थंड होतो, शुद्ध होत नाही. उलट थंडाव्यामुळे तो घशाला बोचत नाही, म्हणून अधिक खोल आणि अधिक वेळ ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये स्पष्ट केले की, हुक्क्याच्या एका बैठकीत माणूस शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर आत घेऊ शकतो. त्यात चिलमीवरील निखाऱ्यांची भर. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. प्राणवायूची जागा तो अडवून बसतो. त्याच वेळी तंबाखूतील निकोटीन नाडीचे ठोके वाढविते, रक्तदाब चढविते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. मजुराचे काम वाढवावे आणि त्याची भाकर अर्धी करावी, तशी हृदयाची अवस्था होते. हे वर्षानुवर्षे चालले की रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर बिघडते आणि हृदयविकाराला वाट मिळते.

"तंबाखूविरहित" म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी मिश्रणाने फसू नये. निकोटीन नसले तरी कोळसा तोच असतो.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांच्या बैठकीतही हुक्का होता आणि बुजुर्गांनी त्यास हराम म्हटले नव्हते. हे खरे आहे. तंबाखू अकबराच्या दरबारी पोहोचली ती आपल्या दख्खनमधून. असद बेगने ती विजापूरहून नेली. अनोळखी वस्तू म्हणून शाही हकिमाने तेव्हाच आक्षेप घेतला होता आणि १६१७ मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली. फुकहांमध्ये मात्र मतभेद राहिला. दमास्कसचे अब्दुल गनी नाबुलुसी यांनी तर ती मुबाह असल्याच्या बाजूने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु अशा मतांचा एक मुख्य आधार हा होता की, तिचा अपाय सिद्ध झालेला नाही. आज तो आधार उरलेला नाही. सूरह अल-बकराच्या १९५ व्या आयतीत स्वतःच्या हाताने स्वतःला नाशात लोटण्याची मनाई आहे. म्हणूनच आजचे अनेक मुफ्ती मकरूह या शब्दावर न थांबता हराम म्हणतात आणि माझा कलही तिकडेच आहे.

राज्याचा कायदाही विसरू नये. महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लर चालविण्यास बंदी आहे. तरीही काही दावतींत शामियान्याच्या कोपऱ्यात हुक्का मांडलेला मी पाहिला आहे आणि निकाह पढवून झाल्यावर यजमानांशी त्याबद्दल बोललोही आहे. त्या कोपऱ्याजवळच मुले खेळत असतात. तोच धूर त्यांच्याही छातीत जातो.

त्या तरुणाने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सोडले तर हृदय सावरते का?" होय. रक्तात साचलेला तो वायू एक-दोन दिवसांत उतरतो. रक्तवाहिन्यांना मात्र अधिक काळ लागतो. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर डॉक्टरांकडे जावे आणि हुक्क्याची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये.