दूध पाजणाऱ्या शेळीचा कासदाह : ओळख, उपचार आणि दक्षता

मालवण तालुक्यातील तोंडवली-तळाशीलचा किनारा म्हणजे एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे खाडी आणि मध्ये माड व सुरूची झाडे असलेली वाळूची चिंचोळी पट्टी होय. अशा भागात अल्पभूधारक वा भूमिहीन कुटुंबास गायी-म्हशींपेक्षा दोन-चार शेळ्या पाळणे अधिक सुकर ठरते. सिंधुदुर्ग जिल्ह्याची 'कोकण कन्याळ' ही जात या दमट हवामानास सरावलेली आहे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने निळेली (तालुका कुडाळ) येथील केंद्रात तिच्या संवर्धनाचे कार्य केले असून राष्ट्रीय पातळीवरही या जातीची नोंद झाली आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात शेळ्यांची संख्या सुमारे १४ कोटी ८८ लाख होती. यांपैकी बहुसंख्य शेळ्या दोन-चारांच्या संख्येने लहान कुटुंबांच्या दारी आहेत. अशा घरात एक व्यालेली शेळी आजारी पडणे म्हणजे वर्षाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा धोक्यात येणे होय.

रोग लक्षात का येत नाही?

व्यालेल्या शेळीस होणाऱ्या आजारांत कासदाह, म्हणजेच ग्रामीण भाषेतील 'दगडी', हा विशेष घातक आहे. गाईची धार दोन्ही वेळा काढली जात असल्याने दुधातील बदल लगेच दिसतो. कोकणातील शेळी मात्र मुख्यतः करडांसाठी व मांसासाठी पाळली जाते. तिचे दूध करडेच पितात. परिणामी आईच्या कासेतील रोगाची पहिली खूण बहुधा करडावर उमटते. करडू सतत ओरडते, त्याचे पोट खपाटीला जाते, ते वाढत नाही. शेळी त्याला लाथ मारते किंवा मागचा एक पाय फाकवून लंगडत चालते. पुष्कळदा पालक करडालाच औषध देतो आणि मूळ दुखणे कासेत वाढत राहते.

शेळीच्या कासेचे दोन स्वतंत्र भाग असून प्रत्येकास एक सड असतो. म्हणून दोन्ही भाग हाताने चाचपून तुलना करावी. एक भाग गरम, कठीण व दुखरा लागल्यास संशय घ्यावा. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या कापडावर घ्यावी. त्यात गाठी, पू, रक्त किंवा पाण्यासारखा पातळपणा दिसल्यास निदानास पुष्टी मिळते. कास थंडगार पडून निळी-काळी दिसू लागली, तर तो कासेचा सडा असून शेळी दगावण्याचा धोका असतो. अशा वेळी काही तासांचा विलंबही परवडत नाही.

उपचाराची दिशा

हा रोग बहुतांशी जीवाणूंमुळे होतो. त्यांत 'स्टॅफिलोकॉकस' हा प्रमुख होय. अस्वच्छ ओली जमीन, सडावरील जखम, तसेच करडाच्या तोंडास झालेल्या 'मावा' रोगाने सडावर उठलेले फोड यांतून जंतूंना वाट मिळते. शक्य असल्यास प्रतिजैविक देण्यापूर्वी दुधाचा नमुना तपासणीस घ्यावा, म्हणजे योग्य औषध निवडता येते. औषध, मात्रा व दिवस पशुवैद्यकानेच ठरवावेत. सोबत वेदना व दाह कमी करणारे औषध देणे आणि बाधित भाग वारंवार रिकामा करणे हेही उपचाराचेच भाग आहेत. हळद, चुना व कोरफड यांचा लेप पूरक म्हणून लावता येईल; पण तो प्रतिजैविकाची जागा घेऊ शकत नाही.

कास मऊ पडताच औषध बंद करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधास दाद देईनासे होतात, असा इशारा दिला होता. अर्धवट उपचाराने एक शेळी तात्पुरती बरी दिसते; चिवट जंतू मात्र कळपात उरतात.

करडाचे पोषण

उपचारकाळात करडू उपाशी राहता कामा नये. त्यास बाधित सड पिऊ देऊ नये. दुसऱ्या निरोगी शेळीचे किंवा गाईचे कोमट दूध स्वच्छ बाटलीने द्यावे. दोन किलो वजनाच्या करडास दिवसाकाठी सुमारे ३०० ते ४०० मिलिलीटर दूध चार-पाच वेळा विभागून पुरते. करडू नुकतेच जन्मलेले असल्यास पहिल्या काही तासांत चीक मिळणे अत्यावश्यक आहे. आईचा चीक दूषित असल्यास तो त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीकडून मिळवावा.

दूध व मांसाबाबत दक्षता

औषध सुरू असताना आणि त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत दोन्ही सडांचे दूध माणसांनी घेऊ नये. एकाच सडात औषध सोडले असले तरी ते रक्तावाटे दुसऱ्या भागात उतरू शकते. दूध उकळल्याने प्रतिजैविकाचे अंश पूर्णपणे नष्ट होत नाहीत. कासेत सोडावयाच्या अनेक नळ्या गाईंसाठी बनविलेल्या असल्याने त्यांवर छापलेली मुदत शेळीस तशीच लागू पडेल असे नाही. न्यूझीलंडसारख्या देशांत पाळीव हरणांच्या बाबतीतही हीच अडचण येते, व तेथेही निर्णय पशुवैद्यकावरच सोपविला जातो. मुदत संपेपर्यंत ती शेळी मांसासाठी विकणेही टाळावे.

ग्रामपातळीवरील जबाबदारी

पावसाळ्यात गोठ्याची जमीन कोरडी राखणे, शक्य तेथे उंच माच बांधणे आणि आजारी शेळीची धार सर्वांत शेवटी काढून हात धुणे, या साध्या गोष्टींनी रोगाचा प्रसार पुष्कळ रोखता येतो. विण्याच्या हंगामापूर्वी ग्रामपंचायतीने पशुवैद्यक व पशुसखी यांच्या साहाय्याने कास तपासणीचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहावा. शिक्षकांनी काळ्या कापडाची चाचणी मुलांना दाखविली, तर ती त्याच दिवशी घरोघरी पोहोचेल; कारण शेळ्यांमागे जाणारे पुष्कळदा घरातील मूलच असते. करडू ओरडू लागताच आईची कास पाहण्याची सवय गावास जडली, तर अनेक शेळ्या व करडे वाचतील.