राजा पसेनदीचा भात आणि आपली भाकरी

वजन वाढलं की वस्तीत पहिला सल्ला मिळतो, "भात सोडा, भाकरी सोडा." सल्ला देणाऱ्याच्या पिशवीत बहुधा पावडरचा डबाही असतो. भोर तालुक्यातल्या हिर्डोशी खोऱ्यात आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर खाल्लं ते काय? नाचणीची भाकरी, वरई, भात, हुलग्याचं पिठलं आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. त्यांच्यात सुटलेलं पोट क्वचितच दिसायचं. त्यात कष्टाचा आणि अर्धपोटी राहण्याचा वाटा होता, ते लपवायचं कारण नाही. पण भाकरीने त्या जाड झाल्या नाहीत, हेही खरं.

संयुत्तनिकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, असं भगवंतांनी त्याला सांगितलं. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना ऐकवायला सांगितलं. हळूहळू राजा एका नाळीवर आला आणि अंगाने हलका झाला. भगवंतांनी त्याला भात सोडायला लावला नाही.

आपल्या ताटात मात्रा सुटते ती मुख्यतः तेलात. एक ग्रॅम पिष्टात ४ उष्मांक असतात, एक ग्रॅम तेलात ९. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीचे साधारण २०० उष्मांक होतात आणि ती पोटाला कळते. भाजीतल्या दोन मोठ्या चमचे तेलाचे जवळपास २५० होतात, ते कळतही नाहीत. चौघांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे २७० उष्मांक नुसत्या तेलाचे. तेच १ लिटरवर आणलं तर माणशी रोज २०० वाचतात. शिवाय पैसे वाचतात ते वेगळे.

कमी तेलाचा, धान्य-कंद-कडधान्यांवर उभा असलेला, दूध-अंडी-मांस नसलेला आहार परदेशात तपासला गेला आहे. जॉन मॅकडूगल या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात हवाई बेटावरच्या उसाच्या मळ्यात पाहिलं, की भात-भाजी खाणारे म्हातारे मजूर सडपातळ आणि निरोगी, तर मांस-लोण्याकडे वळलेली त्यांची नातवंडं जाड. न्यूझीलंडमधल्या गिसबोर्न इथल्या चाचणीत (प्रसिद्धी २०१७) असं जेवण पोटभर खाऊनही लोकांचं वजन वर्षभरात सरासरी ११ किलोंच्या वर उतरलं. अमेरिकेत २० जणांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात (२०२१) हवं तेवढं खायची मुभा होती. तरी कमी चरबीच्या शाकाहारी जेवणावर लोकांनी रोज जवळपास ७०० उष्मांक कमी खाल्ले. दोन्ही प्रयोग लहान आहेत आणि वजन उतरवायचा हा एकच रस्ता नाही. आपल्या घराला परवडणारा मात्र आहे.

करायचं कसं? कांदा कोरड्या कढईत परतायचा, चिकटला की पाण्याचा हबका मारायचा. आपली खरी अडचण वाटणात आहे. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त चरबी असते आणि शेंगदाण्यात जवळपास निम्मी, म्हणून दाण्याचं कूट घातलेली बिनतेलाची भाजी ही स्वतःचीच फसवणूक. भाजलेला कांदा, लसूण आणि शिजवलेली डाळ घोटून वाटण करा. चव येते, आम्ही करून पाहिलंय. उकडलेला बटाटा चालतो, वडा नाही. दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे २०० च्या आसपास उष्मांक, तेही मोजा.

पांढऱ्या भाताचा डोंगर आणि वर पातळ वरण, याला आम्ही हा आहार म्हणत नाही. ताटात निम्म्या भाज्या, मग भाकरी किंवा हातसडीचा भात आणि घट्ट उसळ. मधुमेह्यांनी भात आणखी कमी ठेवावा. बाबासाहेबही मधुमेहाने त्रासले होते. हा आजार हलक्यात घेऊ नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच जेवण बदला, कारण साखर एकदम उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढती मुलं आणि रक्त कमी असलेल्या मुली यांनी वजन उतरवायच्या नादी लागू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हे शुचितेचं जेवण नाही. देवदत्ताने मांसबंदीची मागणी केली तेव्हा भगवंतांनी ती भिक्खूंवर लादली नाही. खाण्यावरून माणसाला अस्पृश्य कसं ठरवलं गेलं, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये मांडलं आहे. शेजारच्या घरात सुकटाचा वास आला म्हणून नाक मुरडणाऱ्याने हा आहार न केलेलाच बरा. खाचरातल्या खेकड्यांची आठवण आम्हालाही येतेच.

वर्षावासाचे तीन महिने करून पाहायला पुरेसे आहेत. सुरुवातीला वजन आणि कंबर मोजून वहीत लिहा, पुढे दर पौर्णिमेला. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला एका बाटलीत वेगळं काढा. ते संपलं की नवीन आणायचं नाही. बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे दूध-अंडी-मासे पूर्ण बंद करणाऱ्याने त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच. हातापायाला मुंग्या येत असतील किंवा सारखा थकवा असेल तर आधी रक्त तपासा. उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासभर थांबा.