दिवा लागतो, मग गाडी का सुरू होत नाही?

मोटारसायकलीचा दिवा लख्ख लागतो, हॉर्न वाजतो. पण स्टार्टरचे बटण दाबले की नुसते 'टक्' होते. बॅटरी चांगली म्हणावी की वाईट? घाईने नवी बॅटरी आणण्यापूर्वी ओहमचा नियम आठवा.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर ३६ वॉटचा दिवा ३ अँपिअर प्रवाह घेतो. स्टार्टरच्या मोटरीला मात्र, समजा, ५० अँपिअर लागतात. बॅटरीच्या अग्रावर पांढरट थर साचून तेथे ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तर दिव्याच्या प्रवाहाने तेथे ३ × ०.१ = ०.३ व्होल्ट खर्च होतील. दिव्यात फरक जाणवणार नाही. पण ५० अँपिअर वाहायचे, तर ५० × ०.१ = ५ व्होल्ट त्या सांध्यातच संपतील! मग मोटर फिरणार कशी?

म्हणून तपासणी बटण दाबलेले असतानाच करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. व्होल्टमीटर बॅटरीच्या दोन अग्रांना जोडा. बटण दाबताच विभवांतर ९ व्होल्टच्या खाली घसरले, तर बॅटरी उतरली आहे किंवा निकामी झाली आहे. ते टिकून राहिले, तर व्होल्टमीटरची एक तार अग्राला व दुसरी त्यावर आवळलेल्या केबलच्या टोकाला लावा. येथे जवळजवळ शून्य यावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास सांधा दोषी. आधी ऋण अग्राची केबल सोडवा, मग सांधा पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा. येथे दोष नसल्यास मोटरीपर्यंतचा प्रत्येक सांधा असाच तपासा.

आता सांगा : दिवे बंद असताना, बटण न दाबता त्या खराब सांध्यावर व्होल्टमीटर किती दाखवील? आणि का?