करंगळीला मुंग्या आणि ताठ हँडलबार

“रविवारी टेकडीवर सायकल मारली की सोमवारी शर्टाचं बटण लागत नाही,” अशी तक्रार घेऊन चाळिशीतले एक गृहस्थ आले. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर. मी त्यांना अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कागद धरायला लावला आणि तो हळूच ओढला. कागद सोडायचा नाही म्हणून उजव्या अंगठ्याचं पेर आपसूक दुमडलं. निदान तिथंच झालं: अल्नर नस दाबली गेली होती. ही नस मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून जाते आणि सायकलवर अंगाचा भार नेमका तिथंच पडतो. या दुखण्याला ‘हँडलबार पाल्सी’ असंच नाव आहे.

पण सायकल तर ते सहा वर्षं चालवत होते, मग आत्ताच का? खोदून विचारल्यावर कळलं, दोन महिन्यांपूर्वी स्टेमसकट हँडलबार बदलला होता. जुना मध्यभागी ३१.८ मिलिमीटर व्यासाचा, नवा ३५ चा, ॲल्युमिनियमचा. शिवाय झाडांत अडकतो म्हणून दोन्ही टोकांनी कापलेला.

फरक तीन मिलिमीटरचा दिसतो. पण नळीच्या पत्र्याची जाडी तेवढीच असेल तर एवढ्यानं मधला भाग सुमारे एक तृतीयांशानं अधिक ताठ होतो. कापून आखूड केला की आणखी. काही कंपन्या पत्रा पातळ करून हा फरक भरून काढतात, त्यामुळे ३५ चा प्रत्येक बार हाताचा शत्रू नव्हे. कार्बनचा बारही कसा बनवलाय त्यावर मऊ किंवा ताठ असतो. ताठ बार वळणावर चटकन ऐकतो, वजनदार स्वाराला तो आवडतोही. मात्र खडकाळ उतारावर प्रत्येक दणका तळव्यात येतो, आपण नकळत मूठ आवळतो, कोपराखालचा हात फुगून दगडासारखा होतो आणि ब्रेकवरचं बोट उशिरा दाबलं जातं. हाताचा आराम हा चोचला नाही, तो ब्रेकचाच भाग समजा.

तरी लगेच नवा बार घेऊ नका. आधी टायरमधली हवा बघा. या गृहस्थांनी ४० पाउंड भरली होती! बारपेक्षा टायर कितीतरी जास्त दबतो. वजन पाहून हवा उतरवा, ब्रेकची लिव्हर अशी फिरवा की मनगट सरळ राहील, ग्रिप थोडी मऊ घ्या. फार जाड जेलचे हातमोजे मला पसंत नाहीत. त्यांनी मूठ अधिकच आवळली जाते. एवढं करूनही त्रास राहिला तरच बार बदला.

लवचिकपणासाठी जुना, पडून आपटलेला ॲल्युमिनियमचा बार मात्र पुन्हा बसवू नका. त्यातली बारीक चीर दिसत नाही आणि तो सांगून तुटत नाही.

मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत आणि रात्री येत असतील तर नस वेगळी, कार्पल टनेलची. तेव्हा साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या. बधिरपणा दोन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. कागदाची चाचणी आज घरीच करून बघा. अंगठा दुमडला, तर थांबू नका: टेकडी बंद आणि याच आठवड्यात तपासणी.