आयकर शून्य, मग पैसे जातात कुठे?

मार्च उजाडला की भाईंदर पश्चिमेला स्टेशनपासून साठ फुटी रस्त्यापर्यंतच्या दुकानांत विमा एजंटांच्या फेऱ्या वाढतात. "शेठ, टॅक्स वाचवायचाय ना? एक पॉलिसी काढून टाका." शेठ वर्षअखेरीच्या गडबडीत असतात, चेक फाडून मोकळे होतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा या पॉलिसीने एक रुपयाही कर वाचत नाही, कारण मुळात त्यांना आयकर लागतच नसतो. विमा संरक्षणासाठी जरूर घ्यावा. पण करासाठी घेत असाल तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. खालचे आकडे 2025-26 या आर्थिक वर्षाचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, पण इथे जुनेच क्रमांक वापरतो.

कलम 44एडी छोट्या दुकानदाराला सांगते की वह्या तपासून घेऊ नका, उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरा आणि त्यावर कर भरा. रोख विक्रीवर 8 टक्के, यूपीआय, कार्ड किंवा बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के. उलाढालीची मर्यादा 2 कोटी, आणि रोख जमा एकूण जमेच्या 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटी. समजा, तुमच्या भांड्यांच्या दुकानाची वर्षाची विक्री 80 लाख. त्यातले 60 लाख क्यूआर कोडवरून आले, 20 लाख गल्ल्यात रोख. साठ लाखांचे 6 टक्के म्हणजे 3,60,000, वीस लाखांचे 8 टक्के म्हणजे 1,60,000. धरलेला नफा 5,20,000. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे विक्री पूर्ण डिजिटल असेल तर 2 कोटींपर्यंत, आणि पूर्ण रोख असेल तर दीड कोटीपर्यंत, या धंद्यावर आयकर शून्य. दुसरे मोठे उत्पन्न मात्र नसावे. नव्या प्रणालीत 80सीची वजावटच नाही, त्यामुळे एजंटाच्या पॉलिसीचा इथे प्रश्नच येत नाही.

उत्पन्न बारा लाखांच्या थोडे वर गेले म्हणून घाबरू नका. 12,10,000 उत्पन्नावर स्लॅबप्रमाणे कर 61,500 होतो, पण जादाचे उत्पन्न दहाच हजार असल्यामुळे करही दहा हजारांवर थांबतो, वर 4 टक्के सेस. मोबाइलवर शेअर विकून झालेल्या नफ्याला मात्र विशेष दर लागतो आणि तिथे ही सवलत चालत नाही. दुकानाचा कर शून्य आणि शेअरचा कर भरावा लागला, असे होऊ शकते.

44एडीतल्या दोन अटी दुकानदारांच्या कानावर फारशा पडत नाहीत. एक, 6 आणि 8 टक्के हा किमान नफा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. शिवाय पुढे गाळा विकत घ्यायला बँकेत गेलात की मॅनेजर तुमचे रिटर्नच बघतो, गल्ला बघत नाही. दरवर्षी पाच लाख दाखवणाऱ्याला पन्नास लाखांचे कर्ज कोण देणार? दुसरी अट, एखाद्या वर्षी ही पद्धत सोडून कमी नफा दाखवलात तर पुढची पाच वर्षे तिच्यात परत येता येत नाही, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट मागे लागते. एका वाईट हंगामासाठी हा सौदा करायचा का, हे आधी ठरवा. ज्याला कर बसतो त्याने 44एडीत आगाऊ कर चार हप्त्यांत भरायचा नसतो, सगळा 15 मार्चपर्यंत एकदम भरायचा असतो. रिटर्न मुदतीत गेले नाही तर विलंबशुल्क उत्पन्न 5 लाखांपर्यंत असल्यास 1,000 रुपये, त्यावर 5,000.

आता खरा खर्च. तो जीएसटीत आहे.

माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात 40 लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला 20 लाखांनंतर. सलूनवाल्याने किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याने वीस लाखांचा आकडा लक्षात ठेवावा. नोंदणीची सरकारी फी शून्य आहे. कोणी "सरकारी फी" म्हणून पैसे मागितले तर पावती मागा. क्यूआरवर जमा होणारा पैसा आता कोणालाच लपवता येत नाही. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात याच यूपीआय जमेच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या आणि बंगळुरूतल्या काही दुकानांवर "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या होत्या.

दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला काँपोझिशनचा पर्याय आहे: उलाढालीवर 1 टक्का, रिटर्न वर्षातून एकदा, पैसे तिमाहीने. बाजारात "छोट्या दुकानाला काँपोझिशनच बरे" असे सरसकट सांगतात. 22 सप्टेंबर 2025 ला दर बदलल्यापासून मात्र ते सरसकट खरे राहिलेले नाही. स्टीलच्या भांड्यांवर आता 12 ऐवजी 5 टक्के कर आहे. आपल्याच दुकानाचे बघू. विक्री 80 लाख, त्यावर 5 टक्के धरून गिऱ्हाईक देते 84 लाख. खरेदी 65 लाख आणि तिच्यावरचा कर 3,25,000. नेहमीच्या पद्धतीत गोळा केलेले 4 लाख वजा 3,25,000 क्रेडिट, भरायचे 75,000. काँपोझिशनमध्ये गिऱ्हाइकाकडून तेच 84 लाख घेतलेत, तरी त्यावर 1 टक्का म्हणजे 84,000 खिशातून जातात आणि खरेदीचे क्रेडिट मिळत नाही. म्हणजे काँपोझिशन थोडे महागच पडले. हाच माल 18 टक्क्यांचा असता तर नेहमीच्या पद्धतीत 2,70,000 भरावे लागले असते आणि काँपोझिशनमध्ये साधारण 94,000. थोडक्यात, 5 टक्क्यांच्या मालात विक्रीवरचे मार्जिन एकवीस टक्क्यांच्या आसपास असेल तर दोन्ही सारखेच. त्याच्या वर असेल तरच काँपोझिशन परवडते. 18 टक्क्यांच्या मालात काँपोझिशन बहुतेकदा जिंकते.

पैशांखेरीज दोन अडचणी आहेत. काँपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. त्यामुळे वसई-विरारपर्यंत ठीक, पण वापी-सुरतेचे गिऱ्हाईक सोडावे लागते. आणि त्याच्या बिलावर पुढच्या व्यापाऱ्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणून क्रेडिट घेणारी घाऊक गिऱ्हाइके पाठ फिरवतात. काँपोझिशनमध्ये यायचे असेल तर पुढच्या वर्षासाठीचा अर्ज 31 मार्चपर्यंत करावा लागतो, मधेच उडी मारता येत नाही.

रिटर्न भरायला विसरलात तर धंदा असलेल्या महिन्याच्या रिटर्नला दिवसाला 50 रुपये, शून्य रिटर्नला 20. दीड कोटीच्या आतल्या दुकानाला एका रिटर्नमागे ही रक्कम 2,000 वर थांबते, शून्य रिटर्नला 500 वर. छोटी वाटते खरी, पण दोन प्रकारची रिटर्ने आणि बारा महिने धरा. उलाढाल 5 कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची सोय निवडा. "नंबर घेऊन ठेवू, पुढे कामाला येईल" म्हणून नोंदणी करणारे या शुल्कात हमखास अडकतात.

भाड्याच्या गाळ्यातला खर्च तर फारच कमी जणांना ठाऊक आहे. भाईंदर पश्चिमेला पुष्कळ गाळ्यांचे मालक साधे नोकरदार किंवा निवृत्त लोक आहेत, त्यांच्याकडे जीएसटी नंबर नसतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून अशा मालकाच्या गाळ्यात नोंदणीकृत भाडेकरूने भाड्यावरचा 18 टक्के कर स्वतःच सरकारात भरायचा आहे. महिना 30,000 भाड्यावर 5,400, वर्षाला 64,800. नेहमीच्या पद्धतीतल्या दुकानदाराला याचे क्रेडिट मिळते, त्यामुळे शेवटी नुकसान नाही. पण भरणा रोखीच्या खात्यातूनच करावा लागतो, क्रेडिटमधून नाही, आणि विसरलात तर वर्षाला 18 टक्के व्याज. काँपोझिशनवाल्यांना यातून वगळले आहे. भाडे महिना 50,000 च्या वर आणि मागच्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर आणखी एक काम: 2 टक्के टीडीएस कापून भरायचा. अशा दुकानदाराने तो वर्षातून एकदाच कापायचा असतो, म्हणूनच नेमका तो विसरला जातो.

रुळांपलीकडे, भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत जे भांडी बनवतात, त्यांच्यासाठी नवा दर वेगळेच गणित घेऊन आला आहे. स्टीलचा पट्टा 18 टक्क्यांनी येतो आणि भांडे 5 टक्क्यांनी जाते, त्यामुळे क्रेडिट साचत राहते. हे पैसे परत मागता येतात, पोर्टलवर आरएफडी-01 अर्ज करून, दोन वर्षांच्या आत. दुकानदाराला मात्र ही सोय नाही. बारा टक्क्यांनी घेतलेला जुना माल पाच टक्क्यांनी विकून उरलेले क्रेडिट पुढच्या कराला वापरता येते, परत मिळत नाही.

उत्तनची कोळीण पश्चिमेच्या बाजारात ताजी मासळी विकते, तिला जीएसटी नाही. यूपीआयवर कितीही जमा झाले तरी फक्त ताजी मासळी विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. सुके बोंबील सुटे विकले तरी तेच. पण लेबल लावून पाकीटबंद विकले की 5 टक्के आले. आणि मग नोंदणीच्या 40 लाखांत ताज्या मासळीची विक्रीही मोजली जाते. ऑनलाइन पाकिटे विकायचा विचार करणाऱ्या उत्तनच्या मुलींनी हे आधी बघून घ्यावे.

उरले किरकोळ. व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये, 30 जूनपर्यंत, आणि भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचा वेगळा. वयाची 65 वर्षे पूर्ण झालेल्यांना तो माफ आहे. हे न कळल्याने वडिलांच्या नावे वर्षानुवर्षे भरत राहिलेली घरे आहेत. दुकानात पगारी माणूस असेल तर त्याच्या पगारातून कापायची नोंदणी वेगळी: दहा हजारांच्या वर पगार असल्यास महिना 200, फेब्रुवारीत 300, बाईमाणसाला 25,000 पर्यंत माफ. उद्यम नोंदणी फुकट आहे, आणि कारखानदाराला तिचा मोठा उपयोग आहे. वह्या ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे बिल लेखी करार असल्यास फार तर 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत चुकते केले नाही, तर तो खर्च त्याला पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. मार्चमध्ये उधारी वसूल करताना हे बोलून दाखवायला हरकत नाही.

सीएची फी दुकानागणिक बदलते. ती ठरवताना एकदम आकडा विचारू नका. जीएसटी रिटर्न, आयकर रिटर्न, व्यवसाय कर आणि नोटिशीचे उत्तर, या चारांची फी वेगवेगळी लिहून मागा. नोटिशीचे उत्तर वार्षिक फीत धरलेले आहे की नाही, हे विचारल्याशिवाय सही करू नका.